नवरीनं स्वतः केलेलं रुखवत

आमच्या ऑनलाइन दुकानातला पहिला फोटो मी काढला तो छोट्या गोल आरशांच्या तोरणाचा. सकाळचं ऊन छान पडलं होतं. तोरण दाराला लावलं, दोन पावलं मागं सरलो, मोबाईल धरला आणि फोटो काढून तसाच ॲपवर टाकला. दुसऱ्या दिवशी पहिला मेसेज आला. गिऱ्हाईक आलं म्हणून मी बायकोला हाक मारून चष्मा मागवला. मेसेज असा होता : 'काका, तोरण सुंदर आहे. तेवढा शर्ट घाला.'

फोटो बोटांनी ताणून मोठा केला. तोरणात बेचाळीस आरसे होते आणि त्या प्रत्येकात, कुठं लांबट तर कुठं चपटा, मी उभा होतो. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि खांद्यावर दाढीचा टॉवेल. बायकोनं डोकावून बघितलं.

"मला वाटलं, बुजगावण्याचं तोरण केलंय कुणी," ती म्हणाली आणि चुलीवरचं दूध बघायला गेली. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली, तरी ती शेगडीला चूलच म्हणते.

दुकान निघायला कारण झालं आमच्या मुलीचं लग्न. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात सव्वीस वर्षं उसाच्या नोंदी लिहिल्या. गुडघा आणि साहेब या दोघांनी एकदमच छळायला सुरुवात केली, तेव्हा वेळेआधी घरी बसलो. त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं आणि तिचं रुखवत बायकोनं केलं. लोकरीचं तुळशीवृंदावन, मण्यांचा गणपती, क्रोशाचे रुमाल, सुपारीला कपडे घालून केलेले नवरा-नवरी, असं दोन टेबलं भरून. रुखवत नवरीनं केलेलं असतं अशी आपल्याकडं चाल आहे. म्हणजे करतात आई, मावशी, चुलती. म्हणायचं मात्र नवरीनं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे माना डोलावतात. आमच्या बायकोला ते जमेना. ती टेबलापाशी उभी राहून येईल त्याला सांगत सुटली, "ह्यो पोपट माझ्या थोरल्या जावेचा. गणपती माझा. पोरीचा ह्यो रुमाल तेवढा, त्यो बी अर्धा, कड मी घातली." मुलीनं मुंडावळ्यांतून डोळे वटारले. पण रुखवत लोकांच्या नजरेत भरलं आणि पुढं मुलीनंच पुण्याहून मोबाईलवर दुकान थाटून दिलं. आई करेल आणि पप्पा विकतील, असं ठरलं.

विकणं म्हणजे काय असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उसाच्या नोंदीत ऊस उलटून बोलत नाही. इथं एक बाई विचारायची, "हाताने केलंय म्हणता, मग सगळ्या पाकळ्या सारख्या कशा?" दुसरी त्याच फुलाबद्दल लिहायची, "पाकळ्या कमीजास्त आहेत, परत घ्या." एका सद्गृहस्थानं लोकरीच्या पोपटाला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'पोपट बोलत नाही.' गंमत म्हणून! बायकोनं त्या पोपटाच्या चोचीसाठी तीनदा उसवून तीनदा विणलं होतं. मी तो तारा तिला दाखवला नाही. दुपारचं जेवण मात्र गेलं नाही.

लोकांचा वीट यायच्या आधी मला माझ्याच भाषेचा वीट आला. वस्तूखाली चार ओळी लिहाव्या लागतात. मी लिहायचो, 'मायेच्या धाग्यांनी गुंफलेले', 'टाक्याटाक्यात जिव्हाळा'. टाके घालताना बायको वेलवेटच्या कापडाला आणि मला आळीपाळीनं शिव्या घालत असायची. वेलवेट सुईखाली सरकतं आणि मी सांगलीहून दर वेळी चुकीच्या रंगाची लोकर आणतो, म्हणून. जिव्हाळा कुठून येणार? पण लिहून लिहून हात बसला. पुढं पुढं मी जेवतानाही मनात 'घरगुती मायेची आमटी' म्हणायला लागलो, तेव्हा स्वतःचीच भीती वाटली.

एवढं करूनही माल खपेना. मग माझ्या डोक्यातून पाटी निघाली. कारखान्यात माझ्या अक्षराला मान होता. सभेचे फलक, निरोपाची मानपत्रं, सगळं माझ्याकडं यायचं. मी सोनेरी पुठ्ठ्याची कार्डं आणली, गडद लाल शाई आणली आणि दुकानात एक ओळ घातली : 'संपूर्ण संचासोबत पाटी मोफत.' पाटीवर लिहायचं, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले रुखवत.' गिऱ्हाइकानं फक्त नाव कळवायचं.

धडाधड मागणी सुरू झाली. फोटोत शर्ट घालूनही जे झालं नव्हतं, ते पाटीनं केलं.

बायकोला मी पाटीचं बोललो नाही. वस्तू खोक्यात भरायचं काम माझं असल्यामुळं तिच्या नजरेला ती पडतही नव्हती. ती कामात असते, तिला कशाला त्रास, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे ती काय म्हणेल हे मला चांगलं माहीत होतं.

त्यात कराडजवळच्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. मुलीच्या लग्नासाठी मोठा संच हवा होता आणि जावई फौजेत असल्यामुळं सुपारीचा नवरदेव वर्दीतला पाहिजे होता. बायकोचा भाऊ फौजेतून सुभेदार होऊन आलेला. तिनं त्याचा जुना फोटो पेटीतून काढून समोर ठेवला आणि चार दिवस त्या एका बाहुल्याला दिले. टोपी, कमरेचा पट्टा, मोहरीएवढ्या मण्यांची बटणं, सलाम ठोकणारा हात. शेवटी राहिली मिशी. कात्री घेऊन ती माझ्यापाशी आली आणि माझ्या पिकल्या डोक्याकडं बघत राहिली.

"ह्या केसातनं सुभेदार हुईल," ती म्हणाली, "जवान न्हाई हुयाचा."

मग तिनं स्वतःच्याच कानामागचे काळे केस कापून चिकटवले. बाहुला टीव्हीवर ठेवून लांबून बघितला, जवळून बघितला.

"आवं, ह्यो द्यायला नको वाटतो," म्हणाली.

मी दिला. खोक्यात भरला, वर पाटी ठेवली, चिकटपट्टी लावली.

त्याच आठवड्यात माझ्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या पुतण्याचं लग्न होतं, मलकापूरला, हायवेलगतच्या हॉलात. पत्रिका मी वाचली होती, पण ती जेवण किती वाजता एवढंच बघायला. नवरदेव फौजेत आहे हे मला माहीत होतं. नवरीचं नाव मी स्वतः लाल शाईत काढलं होतं आणि तेच नाव पत्रिकेत छापलेलं होतं. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्याची नावं लिहिली की नावं वाचायची सवय जाते म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

हॉलात शिरलो तर डाव्या हाताला रुखवत, आणि बायकांची ही गर्दी. आमची बायको रुखवत बघितल्याशिवाय अक्षता टाकत नाही. ती शिरली आणि मी मागून. लांबूनच मला मण्यांचा गणपती दिसला. मग पोपट, मग वृंदावन. आणि मधोमध, फुलांच्या पाकळ्यांवर, सलाम ठोकून उभा असलेला जवान. त्याचा हात प्रवासात जरा खाली आला होता. बायकोनं काही विचार न करता, आपल्या पोराची कॉलर नीट करावी तसा तो हात वर केला.

"आवं ताई, हात नका लावू!" हिरव्या शालूतल्या एक बाई कडाडल्या. नवरीची आई. फोनवरचाच आवाज. मी खांबाआड सरकलो. "लेकीनं माझ्या सा म्हैनं डोळं फोडल्यात त्येच्यापायी."

बायकोनं हात मागं घेतला. "मिशी कशाची हाय वो?" तिनं विचारलं.

"रेशीम दोऱ्याची. पुण्यास्नं मागवला लेकीनं."

"व्हय? केसागत दिसती."

"तीच तर कला हाय न्हवं!"

आजूबाजूच्या बायका कौतुकानं च्यक च्यक करत होत्या. मग बायकोची नजर पाटीवर गेली. ती ओठ हलवत वाचते. 'स्वहस्ते'पाशी ओठ थांबले. मला वाटलं, आता ही त्या बाईला सगळ्यांसमोर उघडं पाडणार. स्वतःच्या लेकीच्या लग्नात जावेचा पोपट जावेच्या नावानं सांगितल्याशिवाय जी राहिली नाही, ती आपला जवान असा सोडेल? पण तिनं त्या बाईकडं बघितलंच नाही. तिनं वळून मला खांबाआड शोधून काढलं. ते अक्षर ओळखायला तिला खाली सही लागत नव्हती. आमचं लग्न ठरल्यावर सहा महिने मी त्याच अक्षरात तिला पत्रं लिहिली होती.

"लेकीला म्हणावं, हात चांगला हाय," एवढंच ती त्या बाईंना म्हणाली. "जपून ठेवा ह्या जवानाला."

"सगळी असंच म्हणत्यात," बाई खुशीत म्हणाल्या आणि अपेक्षेनं माझ्याकडं वळल्या.

आणि मी काय केलं? मी खांबाआडून पुढं आलो, मान डोलावली आणि म्हणालो, "वा! कला आहे हं पोरीत."

हे वाक्य आठवलं की अजून जीभ खरवडून काढावीशी वाटते. कुणी विचारलं नव्हतं, कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. तोंडातून आपोआप आलं, टाक्याटाक्यात जिव्हाळा येतो तसंच.

पंगतीत बायकोनं भाताचे दोन घास खाल्ले. येताना हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. स्कूटर त्यांच्या मागं रखडत होती. पेठ नाक्याच्या अलीकडं तिनं विचारलं,

"किती पाट्या लिवल्या?"

"असतील आठ-दहा."

"मोजून सांगा."

"सत्तावीस."

दुसऱ्या दिवसापासून ती लोकरीला शिवली नाही. भाकरी, धुणं, भांडी सगळं वेळच्या वेळी. माझ्याशी बोलणंही नेहमीचं. पण दुपार झाली की हात मांडीवर ठेवून दारात बसायची. लग्नाला तीस वर्षं होत आली, त्या बाईचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. गाडीत बसली तरी तिच्या पिशवीत सुई असायची. मी एकदा भीत भीत म्हणालो, "निळी लोकर आलीये सांगलीहून. या वेळी बरोबर रंग आहे." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." दुकान बंद पडेल ही धास्ती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती त्या रिकाम्या हातांची होती. ही सुई परत हातात धरणारच नाही की काय?

पाचव्या दिवशी पार्सल आलं. आम्ही पाठवलेलंच खोकं, परत. कारण लिहिलं होतं : 'वस्तू फोटोप्रमाणे नाही.' सात दिवसांत माल परत घेण्याची खूण ॲपवर मीच करून ठेवली होती. त्यानं दुकान वर दिसतं म्हणे.

बायको गिरणीत दळण घेऊन गेली होती. मी खोकं मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडावर नेऊन उघडलं आणि तोंड फिरवलं. आंबलेल्या मठ्ठ्याचा भपकारा. क्रोशाच्या रुमालाला कुणीतरी मसालेभाताचे हात पुसलेले, पिवळे ओघळ वाळून कडक झालेले. गणपतीच्या सोंडेत अक्षता. पोपटाच्या पोटाखाली जिलेबीचा तुकडा आणि त्याला लागलेल्या मुंग्या, थेट मलकापूरहून आलेल्या. वृंदावनात चघळून टाकलेली बडीशेप. जवानाच्या टोपीवर मठ्ठा सांडून सुकला होता आणि अर्धी मिशी गेली होती. सगळ्यात वर, नीट पुसून ठेवलेली, माझी पाटी. तेवढीच काय ती स्वच्छ होती.

मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, वाद घालू नका, दुकान खाली जाईल. स्वच्छ करा आणि परत टाका. सगळे तेच करतात."

आणि नेमका त्याच दिवशी रहिमतपूरहून मेसेज आला. रविवारी लग्न होतं, संच तातडीनं हवा होता, पाटीसकट. मी 'हो' कळवून टाकलं.

आता पुढचं सांगायला मला किळस येते, पण सांगतो. मी दाढीचा ब्रश आणला, साबण आणला आणि धुण्याच्या दगडाशी उकिडवा बसून गणपतीच्या सोंडेतल्या अक्षता टाचणीनं काढू लागलो. रुमाल निळीत बुडवले. मुंग्या फुंकल्या. जवानाची उरलेली मिशी काढून काजळानं नवी रेघ ओढली. आणि पाटीवर जुन्या नवरीच्या नावाच्या जागी सोनेरी पट्टी चिकटवून, लाल शाईनं, वळणदार अक्षरात, नव्या नवरीचं नाव घातलं. फारच सुरेख जमलं. जमल्याचा मला आनंदसुद्धा झाला! मान तिरकी करून मी ते बघत होतो, तेवढ्यात मागं पिठाचा डबा टेकल्याचा आवाज आला.

बायकोनं सगळं एकदा बघितलं. मग खाली वाकून जवान उचलला, नाकाशी नेला आणि लांब धरला.

"ह्यो कुणाला?"

"रहिमतपूरला. रविवारी लग्न आहे त्यांचं, अडचण आहे..."

"त्या पोरीच्या लग्नात ह्या पोरीचं उष्टं?"

मी म्हणालो, धुतलंय चांगलं. ती म्हणाली, "उष्टं ताट धुतलं म्हणून त्यातलं अन्न ताजं हुतंय व्हय? आपल्या दारात आलेल्या भिकाऱ्याला तरी कवा दिलंय आपण?"

ती चिडली असती तर मी चिडून उत्तर दिलं असतं. मला ते येतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती शिसारी होती. खोक्याची नव्हे. हातात दाढीचा ब्रश, बोटांना लाल शाई आणि सोनेरी डिंक, समोर मिशीवाला सुपारीएवढा जवान, आणि मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला स्वतःचाच वास यायला लागला.

"फोन लावा तिला," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

लावला. रहिमतपूरच्या बाईंना सांगितलं की, तयार आहे तो संच एका लग्नात वापरलेला आहे, तो देणार नाही. नवा करायला पंधरा दिवस लागतील. आणि पाटी यापुढं मिळणार नाही.

"वापरलेला असंना का, चालंल की," बाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय? पर पाटी न्हाई म्हंजी? मग उपेग काय? विकत आणलेलं आमी हॉलात मांडायचं व्हय?"

"विकतच आणताय ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लय शाणे दिसताय की वो तुमी!" आणि फोन आपटला. दहा मिनिटांत दुकानावर एक तारा आला. 'विक्रेता उद्धट आहे.' वर्षभर मी त्या दुकानात बोललेलं एकच खरं वाक्य, आणि त्याची ही पावती. मी दुकानातली पाटीची ओळ पुसली. उरलेली सोनेरी कार्डं बंबात घातली. चमक होती म्हणून जळताना घाण वास सुटला, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मुलीचा फोन आला, पप्पा काय केलंत हे. मी म्हणालो, तुझ्या आईला विचार. आईनं फोन घेतलाच नाही. ती दारात बसली होती आणि तिच्या मांडीवर तो धुतलेला पोपट होता. कात्रीच्या टोकानं तिनं गाठ शोधली, सोडवली आणि लोकर उसवायला घेतली. हिरवा दोरा सरसर निघत होता आणि ती तो डाव्या हाताच्या चार बोटांवर गुंडाळत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. हात हलताना बघून बरं वाटलं. अर्धा पोपट उसवून झाल्यावर, माझ्याकडं न बघता ती म्हणाली,

"अक्षर चांगलंच हाय तुमचं, त्येला मी नाव न्हाई ठेवत. पर खोटं लिवताना तरी जरा वाकडं यायला पायजे हुतं."